एक ओवी जास्त

गणपती आणि वीज, दोघेही आमच्या घरी पाहुण्यासारखे येतात. गणपती निदान येण्याजाण्याची तिथी पाळतो.

आमच्या चार घरांचा गणपती एकच. तो मूळ घरात बसतो, आणि मूळ घर म्हणजे आम्ही राहतो ते, पेडण्यातल्या तुयेच्या अलीकडच्या उतरणीवरचं. चवथीला बाकीची तीन घरं इथे येतात, न्हाणीसमोर रांग लावतात, आमच्या उशांवर झोपतात आणि जाताना आमच्या घराला केवढी ओल येते ते आम्हाला सांगून जातात. हे सगळं आम्ही अभिमानाने सोसत होतो. गणपती जिथे बसतो ते घर लहान-मोठं नसतं, असंच सगळे मानत. दत्तारामदादाने सुर्ल्याला बंगला बांधेपर्यंत.

दत्तारामदादा माझा चुलतभाऊ. खाण लागली आणि सुर्ल्याचा डोंगर ट्रकांतून नदीकडे उतरू लागला, त्यातले काही ट्रक दादाचे होते, आणि उतरता उतरता त्या डोंगराचा थोडा भाग दादाच्या अंगणात बंगला होऊन उभा राहिला. बंगल्याला दोन मजले, गच्चीला सिमेंटचे दोन हंस, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. राज्य झालं तरी विजेला ते कोणी कळवलं नव्हतं. त्या चवथीला आरती रंगात आली आणि दिवे गेले. आरती ओवाळत होते भिकाजीकाका, आमच्या चारही घरांत वडील. पेट्रोमॅक्स शोधायला धावलेल्या कोणाचा तरी धक्का लागला, काका अंधारात गर्रकन फिरले, आणि भक्तिभावाने ओवाळत राहिले ते दादाच्या सासऱ्यांना. सासऱ्यांचं टक्कल असं तेजाळलं की मागच्या दोघा म्हाताऱ्यांनी हात जोडले. सासऱ्यांना वाटलं, पेडण्यात व्याह्यांचा असाच मान करतात. त्यांनी ताटात नाणं टाकलं.

सगळे हसले. दादा हसला नाही.

"काका," तो म्हणाला, "देवाक असो काळोखात ठेवूक जाता? माझ्याकडे जनरेटर आसा. फुडल्या वर्सापासून गणपती सुर्ल्याक हाडूया. कायमचो."

भिकाजीकाकांनी पान चावून संपवलं. काकांचे सगळे निर्णय पान संपल्यावर येतात. "एक चवथ बघूया," ते म्हणाले. "फुडल्या वर्सा आरतीत काळोख जालो, तर देव सुर्ल्याक. नाय जालो, तर हंयच."

विनोदिनी, माझी बायको, गणपतीवर टांगलेल्या माटोळीकडे बघत राहिली. ती माटोळी बांधायला ती दरवर्षी रानातून कांगलां, माट्टुलां, कवंडाळं गोळा करते, आणि त्यातलं कुठलं फळ कुठे हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तिने फक्त एवढं विचारलं, "आणि माटोळी? ती पण दादा ट्रकानं नेतले?"

गणपती गेला की मूळ घर हे नुसतं जुनं घर उरतं. हे मला त्या क्षणी समजलं, आणि समजल्यावर माणसाने गप्प बसावं हे समजलं नाही. मी म्हणालो, "काळोख होणार नाही. मी इन्व्हर्टर करतो."

"घेतो" म्हणायला हवं होतं. पण तोवर चारही घरांनी ऐकलं होतं.

मी मराठीचा मास्तर. जात्यावरच्या ओव्या, फुगडीची, धालोची गाणी, लग्नातली गीतं हा माझा जीव की प्राण. विज्ञान मी शिकवत होतो ते केवळ मंगळवारी शाळेत दुसरं कोणी मोकळं नसे म्हणून. पण विद्युतधारेचा धडा इतक्या मंगळवारी शिकवून झाला होता की मला तो येतो असा माझा आणि विद्यार्थ्यांचा गोड गैरसमज झाला होता.

बातमी दुसऱ्या दिवशी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरून वाड्यात फिरली. उंड्या पावांबरोबर घरोघर पोचली. संध्याकाळी शेजारचे गोकुळदासबाब आले आणि न सांगता आमच्या सोप्यावरच्या कदेलीवर बसले. गोकुळदासबाब बाहरीनहून परतलेले. तिथे ते एका गुदामात एसीची खोकी चढवत-उतरवत, पण परत येईपर्यंत विजेचे तज्ज्ञ झाले होते.

"मास्तर, डिझाइन दोन गोष्टींचं असता," ते म्हणाले. "भरवसो आणि बचत. भरवसो म्हणजे लागतलो तेन्ना चलपाक जाय. बचत म्हणजे बॅटरीतसून जितकी काडली तितकी दिव्यात पावपाक जाय. वाटेर कोणी खावपाक फावना."

"म्हणजे पंचायतीसारखं नको."

"पंचायतीचं नाव हांवें काडूंक ना. तुमी काडलें."

"बाहरीनला कसे असतात इन्व्हर्टर?"

"बाहरीनात वीज वचना. इन्व्हर्टर कित्याक लागता?"

"मग तुम्ही पाहिला कुठे?"

गोकुळदासबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की देव पाहिल्याशिवाय भक्ती करत नाही का, असं त्यांना विचारायचं असावं. त्या दिवसापासून ते माझे भागीदार झाले. मी नको म्हणालो होतो की नाही, ते आठवत नाही.

इन्व्हर्टर म्हणजे काय, हे विनोदिनीला समजावताना मला स्वतःला पहिल्यांदा समजलं. बॅटरीतली वीज मिरवणुकीसारखी एकाच दिशेने चालते. घरातली वीज तशी चालत नाही, ती धालोसारखी असते. मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एक पुढे आली की दुसरी मागे, मग ती पुढे की ही मागे, पण आपली जागा सोडून कोणी कुठे जात नाही. मिरवणुकीला धरून धालोत उभं करायचं, एवढंच इन्व्हर्टरचं काम. त्यासाठी दोन ट्रान्झिस्टर लागतात. एक उघडतो तेव्हा दुसऱ्याने मिटायचं. दोघे एकदम उघडले की धूर.

"म्हणजे एका रांदणीत दोन जावा," विनोदिनी म्हणाली.

इतकी नेमकी व्याख्या सातवीच्या पुस्तकात नाही.

आता मी सरकारी नोकर. बेकायदा काही हातून घडू नये म्हणून तालुक्याच्या गावी एका कचेरीत विचारायला गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे काम पडतं. जनेलापलीकडच्या, म्हणजे खिडकीपलीकडच्या, गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमी घरात वीज तयार करतले?"

"तयार नाही, बदलणार. सरळ आहे ती उलटसुलट करणार."

"उलटसुलट," त्यांनी शेजारच्या मेजावरच्यांना सांगितलं. तेही येऊन उभे राहिले. मग बराच विचार होऊन असं ठरलं की वीज करणारा तो उत्पादक, उत्पादकाला परवाना, आणि परवान्याला कारखान्याचा नकाशा. मी म्हणालो, कारखाना नाही, घडवंचीवर ठेवायचं खोकं आहे. ते म्हणाले, मग घडवंचीचा नकाशा आणा.

"अर्ज मराठीत चालेल?"

"मराठीत चलता. कोंकणीत चलता. जाप इंग्लिशीत येतली."

घडवंचीचा नकाशा मी खरोखर काढला. चार पाय, वरून, समोरून, बाजूने. तो बघून त्या गृहस्थांना घडवंची फार आवडली आणि सुताराचा पत्ता विचारला. परवान्याची जाप अजून यायची आहे. घडवंच्या मात्र त्या कचेरीत आता दोन आहेत.

सामान आलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून. लवंगी मिरची, सुक्या मासळीचं खारें आणि ट्रान्झिस्टर एकाच पिशवीत आले. घरात कित्येक दिवस ट्रान्झिस्टरला सुंगटांचा वास येत होता, मांजर घडवंचीखालून हलत नव्हतं. बॅटरी मात्र दत्तारामदादानेच दिली, स्वतःच्या जुन्या ट्रकमधली.

"घे," तो उदारपणे म्हणाला. "हिच्यार ट्रक चालू जाय ना. तुझो इन्व्हर्टर जायत."

उरला ट्रान्सफॉर्मर. बारीक तारेचं वेटोळं तयार मिळालं. जाड तारेचं घरीच गुंडाळायचं होतं, आणि त्यातच सगळी कला. मधोमध तारेचं एक टोक बाहेर काढायचं, आणि त्या टोकाच्या दोन्ही अंगांना अगदी सारखे वेढे. धालोच्या दोन रांगांत बायका सारख्याच हव्यात, तसं. एका रांगेत जास्त झाल्या तर मांड एका बाजूला कलतो.

मी सोप्यावर बसून मोजायला लागलो आणि माझ्या ध्यानात आलं की आमच्या वाड्यात माणसाला मोजता येत नाही. नऊ म्हणायला जावं तर पोस्टमन विचारतो, "काय मास्तर, भोवरो?" तेरावर यावं तर कुंपणापलीकडून कोणी विचारतं, फणस विकायचा आहे का. गोकुळदासबाब शेजारी बसून मदत म्हणून मोठ्याने मोजत, पण ते आपले आकडे मोजत, माझे नव्हे. तीन वेळा गुंडाळलेलं तीन वेळा सोडलं.

तेव्हा मला आई आठवली. ती जात्यावर बसायची तेव्हा दळण पायलीने मोजत नसे, ओव्यांनी मोजत असे. इतक्या ओव्या झाल्या की उठायचं. ओवी मध्येच कोणी तोडत नाही, पोस्टमनसुद्धा थांबतो. मी ठरवलं, एका चरणाला एक वेढा, एका ओवीला चार वेढे. एका अंगाला सहा ओव्या, दुसऱ्या अंगाला सहा. हिशेब चुकणं शक्यच नाही. विज्ञान आणि लोकवाङ्मय यांचा असा संगम पेडणे महालात आजवर झाला नव्हता, असं मी गोकुळदासबाबांना म्हणालोही. ते म्हणाले, बाहरीनात होतो.

पहिल्या अंगाच्या सहा ओव्या सुरेल गेल्या. टोक काढलं. दुसऱ्या अंगाला सुरुवात केली. विनोदिनी उंबऱ्यात बसून नीरफणस सोलत होती. मी चौथ्या ओवीत होतो:

दारीच्या चाफ्याला । कळ्या आल्या चार
सोडोनीया दार । लेकी गेल्या

"तळीच्या," विनोदिनी म्हणाली.

"काय?"

"तळीच्या चाफ्याला. दारीच्या नव्हे. पुढे दार येतंच आहे, मग आधी दार कशाला?"

विनोदिनी मयेची. मये म्हणजे तळं, तळ्याकाठचं घर, तळ्याकाठचा चाफा. तिच्या मते जगातली सगळी गाणी मये तळ्याच्या काठावर जन्मली आणि मग वाट चुकून पेडण्याला आली.

"आमची आई दारीच्या म्हणायची," मी म्हणालो.

"तुमच्या आयेचो आवाज गोड होतो. म्हणून कोणी चूक काढली नाय."

आता बायको आईच्या ओवीत चूक काढते आणि ती चूक बरोबर असते, अशा वेळी नवऱ्याने काय करावं? मी मोठ्या मनाने ओवी पुन्हा म्हटली. तळीच्या चाफ्याला, कळ्या आल्या चार. चांगली आळवून म्हटली. विनोदिनीने मान डोलावली. सोलून झालेल्या नीरफणसासारखा मी मऊ झालो होतो. आणि ओवी म्हणताना हात चालतोच, तो सवयीने चालतच होता.

हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

खोकं तयार झालं. चालू-बंदचा खटका बसवला आणि वाद सुरू झाला. मी खटक्याखाली "चालू" आणि "बंद" लिहायला घेतलं. गोकुळदासबाब म्हणाले, राजभाषा कोंकणी आहे, "पेटय" आणि "पालय" लिहा. भाषेच्या चळवळीत आम्ही दोघे दोन बाजूंना होतो. एकमेकांविरुद्ध घोषणा देऊन झाल्यावर एकाच स्कूटरवरून घरी येत असू, कारण स्कूटर एकच होती. तो जुना वाद खटक्यापाशी पुन्हा उभा राहिला. विनोदिनी आतून म्हणाली, "तुमी दोगांय घरात 'लाव गो' आणि 'पाल गो' म्हणता. तेंच बरयात." दोघांनाही ते प्रतिष्ठेला शोभेसं वाटलं नाही. शेवटी काहीच लिहिलं नाही. त्यामुळे खोकं चालू आहे की बंद हे हात लावूनच कळे, आणि हात लावणाऱ्याला लगेच कळे.

कारण ते तापायचं. पहिल्या चाचणीला ट्यूब लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर तो आवाज ऐकू आला. हूंऽऽऽ. विहिरीत तोंड घालून कोणी एकच सूर धरून बसावं तसा.

"बाहरीनात अशे आवाज..." गोकुळदासबाबांनी सुरुवात केली.

"बाहरीनात इन्व्हर्टर नाहीत," मी म्हणालो.

मग ताप. ट्रान्झिस्टर थंड ठेवायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हव्यात म्हणून गोकुळदासबाबांनी आमच्या पातोळ्या उकडायच्या तोपाचं झाकण कापलं होतं. विनोदिनीला ते चवथीच्या आदल्या आठवड्यात कळलं. त्यानंतर तिने खोक्याशी बोलणं टाकलं, म्हणजे माझ्याशी. दोन दिवसांनी बघतो तर पट्ट्यांवर उडदाचे पापड मांडलेले.

"हे काय?"

"तोप नेला तर ताप तरी मेळूंदी."

वाटेत वीज कोणी खाऊ नये, हे डिझाइनचं मूळ तत्त्व. आमच्या खोक्यात अर्धीअधिक वीज वाटेतच तापात जात होती. वेढे पुन्हा मोजावेत असं मनात आलं, पण तीन वेळा सोडलेल्या तारेला चौथ्यांदा हात लावायचं धैर्य होईना. वाड्यातल्या बायकांना एवढं पुरलं. चवथीच्या फुगडीची तालीम चालू होती, आणि फुगडीत नावं ठेवायची मुभा असते. कुंपणापलीकडून ऐकू आलं:

मास्तरान केली वीज गो बाय, खोक्यात केली वीज,
दिवो काय पेटना बाय, पेजे तू तरी शीज

मीटर चोख होतं, तेच जास्त लागलं. आवाज ओळखीचा होता. रात्री जेवताना मी विचारलं, "हे कोणी रचलं?"

"बायकांनी," विनोदिनी म्हणाली आणि मला भात वाढला.

चवथ आली. तीन घरं आली. दादा आला तो ट्रक घेऊनच, आणि ट्रकात ताडपत्रीखाली जनरेटर. ट्रक अंगणात उभा करून तो म्हणाला, "असूं दी. तुझो चलतलोच म्हणा. पण असूं दी." ड्रायव्हरला त्याने बजावलं की आरतीत दिवे गेले आणि अंधार झाला की लगेच चालू कर. बल्बांची एक माळही सोप्याच्या वाश्याला बांधून टाकली. माझ्या घरात येऊन माझ्या पराभवाची रोषणाई त्याने स्वतःच्या हातांनी केली.

गणपती बसला. भिकाजीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, आणि त्यात खोक्यालाही घेतलं, कारण काकांच्या गाऱ्हाण्यातून काही सुटत नाही.

"व्हय म्हाराजा, शंभूमास्तरान ह्या जा काय खोक्यात घातला आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तेका जा काय कळला आसा, नायतर कळूक नाय आसा..."

"व्हय म्हाराजा," हे सगळ्यांनी जरा जास्तच जोरात म्हटलं.

"ता सगळा मान्य करून घे, आणि चुकला-माकला पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

दुपारी जेवणं झाली. खतखतें, पातोळ्या (झाकणाऐवजी परात ठेवून उकडलेल्या), आणि मग सगळे आडवे. बाहेर पाऊस झड लावून होता. चवथीच्या पावसात घुमटांचे फार हाल होतात. घुमट म्हणजे मातीचं मडकं आणि तोंडावर ताणलेलं कातडं. हवेत ओल असली की कातडं ढिलं पडतं आणि थाप मारली तर ओल्या गोणपाटासारखं बोलतं. आरतीआधी ते चुलीशी शेकावं लागतं. चुलीवर तर पन्नास माणसांचा चहा होता.

काका घुमटं घेऊन घरभर फिरले आणि शेवटी घडवंचीपाशी आले. पापडांची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. पट्ट्यांवर हात ठेवला. गार. मग त्यांनी खटका दाबला. थोड्या वेळाने पुन्हा हात ठेवला आणि समाधानाने मान हलवली. घरातली तिन्ही घुमटं पट्ट्यांना टेकवून ते पान लावायला गेले. खटक्यावर काही लिहिलेलं नव्हतंच. खोकं दुपारभर हूंऽऽऽ करत राहिलं, आणि घोरणाऱ्या तीन घरांत ते कोणाला वेगळं ऐकू आलं नाही. मलाही नाही, कारण मीही घोरत होतो. दादाच्या ट्रकच्या बॅटरीतली, गोकुळदासबाबांनी दोन दिवस भरलेली वीज, संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी घुमटांच्या कातड्यात गेली.

दिवेलागणीला आरती सुरू झाली. दादा घुमटावर बसला. एक सांगायला हवं, दत्तारामदादाइतका घुमट आमच्या घरात कोणी वाजवत नाही. लहानपणी ह्याच भिंतीला टेकून तो शिकला. सुर्ल्याला बंगला झाल्यापासून त्याचे हात स्टिअरिंगवर आणि टेबलावर. त्याने पहिली थाप मारली आणि दचकून घुमटाकडे पाहिलं. कातडं असं वाजत होतं जसं ऐन उन्हाळ्यात वाजावं. टणक, गोल, खणखणीत. दुसरी थाप. शामेळ हा ढोल वाजवणाऱ्याने मान वर केली. झांजवाले सावरून बसले.

तिसऱ्या आरतीला दिवे गेले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी घडवंचीकडे. खोक्याने ट्यूब धरली होती. भिकाजीकाका आरतीचं ताट स्थिर धरून योग्य देवाला ओवाळत होते. मी विनोदिनीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, कित्येक दिवसांनी. तेवढ्यात ट्यूब पिवळी झाली, मग तांबूस, मग तिच्या दोन टोकांना दोन काजवे उरले, आणि तेही गेले.

काळोख. समईच्या दोन वातींचा काय तो उजेड, देवाच्या सोंडेपुरता.

पण हूंऽऽऽ राहिला. ट्यूब पेटवायला न पुरणारी वीज सूर धरायला पुरत होती. आमच्या घरात आरती नेहमी चार घरांच्या चार सुरांत होते. मुंबईवाले वर, म्हापसेकर मध्ये, आम्ही खाली, आणि दादाचे सासरे जिथे जागा मिळेल तिथे. अंधारात धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तो सूर धरला. एकेक करून आवाज त्यावर येऊन बसले, तारेवर पाखरं बसावीत तसे. सासरेसुद्धा बसले. आणि त्याखाली दादाचं घुमट. आमच्या घरात कोणी एका सुरात गाऊ शकतं हे आम्हालाच नवीन होतं. विनोदिनीचा आवाज मला त्या सगळ्यात वेगळा ऐकू येत होता.

अंगणात ड्रायव्हरने सांगितलेलं काम केलं. जनरेटर खोकला, धडधडला, आणि बल्बांची माळ लखकन पेटली. सगळा सोपा पांढराफटक उजळला. सगळ्यांनी डोळे मिचकावले. झांजा चुकल्या. घुमट कोणाला ऐकू येईना, खुद्द दादाला येईना. सूर तर गेलाच.

"पाल रे तो पाडो," दादा ओरडला. हात घुमटावरून न काढता. "बंद कर, बंद कर. ताल ग्येलो माझो."

ड्रायव्हर दारात आला. "शेट, काळोख जातलो."

"जांवदी."

जनरेटर थांबला. काळोख परत आला, आणि काळोखात हूंऽऽऽ, जागच्या जागी, वाट बघत असल्यासारखा. दादाने थाप मारली. पुढच्या सगळ्या आरत्या समईच्या उजेडात झाल्या, आणि दोन तर पुन्हा म्हटल्या गेल्या, कोणी न सांगता.

आरती संपली. प्रसाद वाटून झाला. मग सगळ्यांना अट आठवली. मी माझ्या खोक्यासमोर उभा होतो. बचत नव्हती, भरवसा नव्हता, तोपाचं झाकण नव्हतं. दिवे गेल्यावर काळोख झाला होता, चारही घरांनी पाहिला होता, म्हणजे पाहिला नव्हता. विनोदिनी माटोळीखाली उभी राहून एक कवंडाळ सरळ करत होती. ते सरळच होतं.

भिकाजीकाका पान चावत होते. आम्ही वाट बघत होतो.

"दत्ताराम," काका शेवटी म्हणाले, "अट काय होती?"

"आरतीत काळोख जालो तर," दादा म्हणाला. त्याने घुमट अजून मांडीवरच धरलं होतं.

"बरोबर. तुझ्या जनरेटरान उजेड केलो?"

"केलो."

"मग तो पालूक कोणी सांगलो?"

दादाने घुमटाच्या कातड्यावरून बोट फिरवलं.

"काळोख जाणा वेगळा," काका म्हणाले, "आणि काळोख मागून घेणा वेगळा. जाल्लो काळोख आमी धरला असतो. मागलेल्या काळोखाक अट नाय. देव हंयच."

गोकुळदासबाब पुटपुटले की बाहरीनच्या कोर्टातही असाच निकाल लागला असता. यावेळी मी मान डोलावली. दादाचे सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, यंदा त्यांना कोणी ओवाळलं नाही, काही चुकलं का.

ट्रकात चढताना दादा खिडकीतून वाकला. "मास्तर, माका पण एक करून दी. सुर्ल्याक."

"दिव्यांना?"

"दिवे माझ्याकडे आसत रे," तो म्हणाला. "घुमटाक."

पाच दिवसांनी गणपती गेला. मी खोकं उघडलं आणि सोप्यावर बसून जाड तार सोडवली, वेढा वेढा करून. एका अंगाला चोवीस. दुसऱ्या अंगाला अठ्ठावीस. मी दोनदा मोजले. मग डोक्यात चाफा फुलला. तळीचा.

दादासाठी मी नवा केला. या खेपेला आकड्यांनी मोजला, दार लावून. दोन्ही अंगं सारखी. ट्यूब लख्ख लागली, पट्ट्या गार, आवाज नाही. गोकुळदासबाबांनी त्याला इतकं जपून हातात घेतलं की जणू तो बाहरीनहून आला होता. दादा आला, त्याने कान लावला, पट्टीवर तळहात ठेवला, आणि खोकं घडवंचीवर परत ठेवलं.

"ह्यात काय नाय रे," तो म्हणाला.

मग मी तार पुन्हा सोडली. विनोदिनी उंबऱ्यात नीरफणस घेऊन बसली. न बोलावता.

"म्हणा," ती म्हणाली. "दारीच्याच म्हणा. चूक कुठे काढायची ती मी काढते."